धुडकू नानांचा वरचा पंचम

धुडकू नानांइतका घाबरट माणूस मी आजवर पाहिलेला नाही. उंदरांना घाबरायचे, दमट हवेला घाबरायचे, लहान मुलांच्या चिकट बोटांना घाबरायचे, आणि लग्नसराई जवळ आली की त्यांचं जेवण निम्म्यावर यायचं. गल्लीला या सगळ्याची गंमत वाटे. मलाही सुरुवातीला गंमतच वाटली. मग एक दिवस ते खरे कशाला घाबरतात हे मला कळलं, आणि तेव्हापासून मीही घाबरायला लागले. नाना जाऊन आता दोन वर्षं झाली, पण माझी भीती काही त्यांच्याबरोबर गेलेली नाही.

नाना पेट्या दुरुस्त करत. भजनातली, भाता हलवून वाजवायची पेटी. शिंदखेड्याच्या आमच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको वारलेली, मुलगा सुरतेला कामाला. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं, धुडकू. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या किती भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्या हाताखालून गेल्या असतील त्याला गणतीच नाही. पण स्वतः त्यांना दोन अभंगांपलीकडे काही वाजवता येत नव्हतं. कोणी आग्रह केला तर आपल्या अहिराणीत म्हणत, "मी हलवाई शे. हलवाई कधी जिलबी खास का?"

माझी त्यांची पहिली भेट भांडणातून झाली. जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी बदली झाली होती आणि नानांच्या शेजारचं घर मी भाड्यानं घेतलं होतं. आमच्यामध्ये एकच भिंत. रविवारी मी चाचणीचे पेपर तपासायला बसले, तर भिंतीपलीकडून एक सूर सुरू झाला. एकच. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला, तरी तो सूर काही पुढे सरकेना. मी तावातावानं उठले आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले.

"नाना, याच्या पुढचं काही येतं की नाही तुम्हांला?"

त्यांनी मान वर केली नाही. पेटीचं झाकण उघडं होतं आणि आत पितळी सुरांच्या रांगा चमकत होत्या.

"पंखा बंद करा," ते म्हणाले.

"कुठला पंखा?"

"तुमना. भिंतमाईन आवाज येस त्याना."

भांडायला गेलेली मी निमूट परत आले, पंखा बंद केला आणि एप्रिलच्या उकाड्यात घाम पुसत उरलेले पेपर तपासले. नानांचा दराराच तसा होता. सूर लावायला बसले की आजूबाजूच्या चार घरांचे पंखे बंद, मिक्सर बंद, नळाची तोटी घट्ट. पेटीवर कोणी चहाचा कप ठेवला तर नाना साप दिसल्यासारखे ओरडत. पेट्यांना ते गावाच्या नावानं ओळखत. "शिरपूरवालीले दमा शे," म्हणजे भात्यातून हवा जाते. "साक्रीवाली बठ्ठं बोलस, पण नाकमाईन बोलस," म्हणजे सूर सगळे लागतात, पण आवाज गेंगाणा. एसटीनं पेटी पोचवायला निघाले की खिडकीजवळच्या सीटवर पेटी बसे आणि नाना शेजारी दांडी धरून उभे. कंडक्टर ओळखीचे झाले होते, ते म्हणत, "नाना, आज सूनबाई कोणत्या गावची?"

मी त्यांच्याकडे जायला लागले ते माझ्या वडिलांमुळे. वडील शिरपूरकडच्या आमच्या गावात भजनाला पेटी वाजवत आणि मी लहानपणी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसलेली असे. मला वाजवता येत नाही, पण सूर हलला की दात आंबल्यासारखं होतं. नानांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला पेटीतली खरी गोष्ट दाखवली. प्रत्येक पट्टीखाली दोन पितळी सूर असतात, दोघं एकदम बोलतात. दोघांत केसाएवढा फरक असला तर आवाज थरथरतो, पाण्यावर लाट उठल्यासारखा. मग सुराच्या पितळी जिभेला कानस लावायची, टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. लाट हळूहळू लांबत जाते आणि एका क्षणी थांबते. तेवढ्यासाठी अर्धा तास.

पूर्वी श्रावणाआधी त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे म्हणे. मी पाहिल्या त्या वर्षी भिंतीशी तेरा पेट्या होत्या, पण त्यांतल्या नऊ परत न्यायला कोणी येणार नव्हतं. ज्या गावात मंडळ मोडलं त्या गावची पेटी कोणी तरी नानांकडे आणून ठेवी, "नाना, जरा पाहून घ्या" म्हणे, आणि पुन्हा तोंड दाखवत नसे. नाना दर महिन्याला त्या नऊही पेट्यांचा भाता उघडून पाच मिनिटं वाजवत. नाहीतर चामडं वाळतं, आत उंदीर घर करतात. मी विचारलं, "नाना, हे लोक येणार नाहीत. कशाला एवढा जीव काढता?" ते म्हणाले, "नही येतीन, माले म्हाईत शे." आणि पुढची पेटी ओढून घेतली.

त्या वर्षीच्या लग्नसराईत भर दुपारी आमच्या गल्लीत एक मिरवणूक शिरली आणि वळणावर गाडी अडकल्यामुळे बरोबर नानांच्या दारात थांबली. ट्रकभर भिंतीएवढे स्पीकर. मी स्वयंपाकघरात होते, मांडणीवरची ताटं आपोआप वाजायला लागली. छातीत धडधड व्हायला लागली ती माझी की बाहेरची हे कळेना. मी नानांकडे धावले, कारण म्हातारा माणूस, काही झालं तर? दारातच थबकले. खोलीतल्या पेट्या आपोआप बोलत होत्या. कोणी हात लावलेला नाही, भाता मिटलेला, आणि आतून एक घुरघुर येत होती. वरून चुन्याचे पोपडे पडत होते. नाना घरातल्या सगळ्या गोधड्या, चादरी, स्वतःचं धोतर सुद्धा पेट्यांवर टाकत होते आणि दोन पेट्यांवर हात पसरून आडवे झाले होते. ते ओरडून मला काही सांगत होते, ते मला ऐकू येत नव्हतं. स्वतःचे कान मात्र त्यांनी एकदाही झाकले नाहीत.

गाडी निघून गेल्यावर ते उठले आणि एकेक पेटी उघडून तपासायला बसले. मी रागावले. म्हटलं, तुमच्या कानांचं काय?

"मन्हा कान गया तं चाली," ते म्हणाले. "पेटीना गळा जावाले नको."

मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं.

पावसाळ्यात एके सकाळी नानांनी मला चहाला बोलावलं. एका पेटीचं काम संपत आलं होतं. नेहमीप्रमाणे सगळ्यांचे पंखे बंद करून झाले होते. नानांची एक सवय होती, सूर लावताना ते हनुवटी पेटीच्या लाकडावर घट्ट दाबून धरत. मला ती त्यांची ऐट वाटे. त्या दिवशीही तसेच बसले होते. तेवढ्यात भिंतीपलीकडे माझ्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी डाळ लावून आले होते आणि विसरले होते. आता नाना ओरडणार म्हणून मी जीभ चावली. नाना शांत. दुसरी शिट्टी झाली. नानांनी कानशीनं एक हलकी ओढ दिली. तिसरी शिट्टी सुरू झाली, चांगली लांबलचक, आणि नानांनी माझ्याकडे पाहून समाधानानं मान हलवली.

"आते कसं शांत शे ना?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. शिट्टी अजून चालूच होती. नानांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय व्हयनं, बाई?"

"कुकर, नाना."

"वाजना का?"

"तिसऱ्यांदा."

त्यांनी कानस खाली ठेवली. मग सांगितलं. खालचे सूर त्यांना लाकडातून, हनुवटीच्या हाडातून कळत होते. मधले निम्मे कळत. वरचे, बारीक, दोन वर्षांपासून गेलेच होते. त्या पट्ट्या ते सवयीनं लावत, हाताच्या अंदाजानं, जिभेची जाडी बोटांनी चाचपून. आणि पेटी गावाला गेली की पंधरा-पंधरा दिवस झोप नसे. दारात कोणी आलं की वाटे, आला, पेटी परत घेऊन आला.

"कोनले सांगू नका, बाई," ते म्हणाले. ते हात जोडतील की काय असं मला वाटलं आणि मी घाईघाईनं म्हटलं, "नाना, वरचे सूर मी ऐकते. तुम्ही घासा."

त्या दिवसापासून मी नानांचे कान झाले. शाळेतून आले की तासभर त्यांच्यासमोर बसायचं. ते पट्टी दाबत, माझ्याकडे बघत, मी बोटानं सांगत असे, वर, खाली, अजून थोडं, बस. मला हे ओझं वाटत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. कारण नाना सुरांबद्दल जे मानत होते ते ऐकून माझी गाळण उडाली होती. एकदा मी कंटाळून म्हटलं, "नाना, इतका बारीक फरक कोणाला कळतो? चालेल की." तेव्हा ते भडकले.

"काय चाली? पोरेसोरे पेटीमागे गातस. पेटी खोटं बोलनी तं त्यासले तेच खरं वाटस. मंग त्यासना पोरेसले तेच खरं. एक पट्टी चुकनी ना, बाई, तं बठ्ठं गाव चुकस. आनि कोनले म्हाईत बी पडत नही."

ही त्यांची खरी भीती होती. आपली फजिती होईल, लोक हसतील, बहिरा पेटी लावतो म्हणतील, याची भीती होतीच. पण त्याखाली ही दुसरी होती. आपल्या हातानं एखाद्या गावाच्या गळ्यात चुकीचा सूर बसेल आणि आपण मेल्यावरही तो तसाच राहील. मी वर्गात पाढे शिकवते. एका मुलाला बारा साते चुकीचं शिकवलं तर रात्र वाईट जाते. नाना तर गावंच्या गावांबद्दल बोलत होते.

मंडळं कमी होत गेली, पण मुक्ताईनगरच्या पुढचं एक गाव अजून टिकून होतं. केळीचं, पैसेवालं गाव. मारुतीच्या देवळात दरवर्षी मोठा सप्ताह बसे. त्यांची पेटी नानांच्या हातातली सर्वांत सुंदर पेटी. सप्ताहाआधी महिनाभर ती यायची, नाना तिचे सगळे सूर काढून धुऊन, पुसून पुन्हा लावायचे. त्या वर्षी ती उशिरा आली आणि नेमकी मला निवडणुकीची ड्युटी लागली. प्रशिक्षण, साहित्य घेणं, मतदान, चार दिवस मी शिंदखेड्यात नव्हते. निघताना नानांना सांगून गेले, "वरच्या पट्ट्यांना हात लावू नका, मी आले की बसू."

मी परत आले तर पेटी गेली होती. मंडळाचे नारायण भाऊ गाडी घेऊन अचानक आले होते. त्यांना काय सांगणार होते नाना? थांबा, शेजारच्या मास्तरीणबाई येऊ द्या? नानांनी एकट्यानं बसून वरच्या पट्ट्या लावल्या होत्या आणि पेटी दिली होती.

"लागनी व्हई," ते म्हणाले. त्यात प्रश्नही होता.

नानांच्या साध्या फोनवर व्हिडिओ येत नसत, म्हणून त्यांनी गावाला माझा नंबर दिलेला होता. त्याच संध्याकाळी नारायण भाऊंचा व्हिडिओ आला. पेटी देवळात पोचली, फुलं वाहिली, आणि भाऊंनी आनंदानं खालपासून वरपर्यंत एकदा बोटं फिरवली. मी ओट्यावर उभी राहून ऐकत होते. खालचं सप्तक सुरेख. मधलं सुरेख. बोटं वर गेली आणि पंचमावर सूर फाटला, गरम चहात नासकं दूध पडावं तसा. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. फोनचा दोष असेल म्हणून कानाला लावून ऐकलं. तेच.

नाना समोर उभे राहून माझं तोंड बघत होते.

"छान आहे, नाना," मी म्हटलं. "मस्त लागलीये."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे भाकरी मागून घेतली. मी खोटं का बोलले हे मला आजही नीट सांगता येत नाही. तो चेहरा बघवला नाही, इतकंच. पण सकाळी त्यांना चहा पिताना पाहिलं, इतके निश्चिंत, गुणगुणत होते, आणि मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. कप खाली ठेवला आणि वैद्याला विचारावं तसं विचारलं, "वर चढना का उतरना?"

"चढलाय."

"दोन्ही सूर?"

"एकच असावा, नाना."

"सप्ता कधी बसस?"

"आज सकाळी बसला."

सात दिवस. रोज काकडा, भजन, हरिपाठ. गावातली पोरं-बाया त्या पंचमावर गाणार. नानांनी कानस, पातळ पातं आणि पेचकस रुमालात बांधलं आणि टोपी घातली. रविवार होता. मी शाल खांद्यावर टाकली आणि त्यांच्याबरोबर निघाले.

पॅसेंजरनं भुसावळपर्यंतचा तो प्रवास मी विसरणार नाही. नाना दाराशी बसले होते आणि प्रत्येक स्टेशनला उठून उभे राहत, जणू उतरायचंच आहे. अमळनेर, धरणगाव, जळगाव. मध्ये मध्ये ओठ हलत. मला वाटलं नामस्मरण. जवळ जाऊन पाहिलं तर ते गावापुढे काय बोलायचं त्याची तयारी करत होते. "पायतन काढीसन उभा राहसू. सांगसू, चूक मन्ही शे. कान गया शे मन्हा." हे शेवटचं वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. चाळीस वर्षं लपवायला काही नव्हतं आणि नंतर इतकी वर्षं लपवलेलं आता गावापुढे सांगायचं होतं. मला माझ्या कालच्या खोटेपणाची इतकी लाज वाटत होती की मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. एक दिवस आधी बोलले असते तर पहिला सूर लागण्याआधी पोचलो असतो.

मुक्ताईनगरहून रिक्षानं गावात पोचलो तेव्हा दुपारचं भजन सुरू झालेलं होतं. आवाज शिवेवरच ऐकू आला. देवळापुढे मांडव, हजारभर माणूस, आणि व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना तसेच भिंतीएवढे स्पीकर. लग्नातलेच. फक्त गाणं देवाचं.

नाना आल्याचं कळलं आणि एकच धांदल उडाली. कोणी पाणी आणलं, कोणी कपाळाला बुक्का लावला. आम्हांला मान म्हणून अगदी पहिल्या रांगेत, उजव्या स्पीकरच्या समोर बसवलं. भजन मध्येच थांबवता येत नाही म्हणून आम्ही बसलो. तासभर. त्या आवाजात माझे दात हलत होते. मृदंग ऐकू येत होता, झांजा ऐकू येत होत्या, कसली तरी व्हायोलिनं, बासऱ्या ऐकू येत होत्या. व्यासपीठावर व्हायोलिन कुठेच नव्हतं.

मध्यभागी आमची पेटी होती, हार घातलेली, समोर मंडळाच्या नावाची मखमली झालर. नारायण भाऊ डोळे मिटून बोटं फिरवत होते. नानांची नजर त्यांच्या डाव्या हातावर खिळली होती. मी कान देऊन पंचमाची वाट पाहत होते, पण त्या गदारोळात पेटी मला वेगळी ऐकूच येईना. नानांनी माझा दंड धरला आणि काही म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी त्यांच्या ओठांकडे पाहिलं.

"भाता बंद शे," ते म्हणत होते.

मी झालरीच्या कडेनं पाहिलं. भात्याची कडी लावलेली होती. नारायण भाऊंचा डावा हात भात्यावर नुसता ठेवलेला होता. पेटी वाजतच नव्हती. पलीकडे एक माणूस लॅपटॉप घेऊन बसला होता, गाणं तिथून येत होतं.

भजन संपल्यावर नाना चपला काढून पुढे गेले. पाठ केलेलं त्यांना काही आठवलं नाही. एवढंच म्हणाले, "भाऊ, भाता काबर बंद?"

नारायण भाऊ मोकळं हसले. "नाना, आता ट्रॅकवर चालतं सगळं. पेटीचा आवाज पुरत नाही न मांडवाले."

"मंग पेटी कसाले ठेयेल शे?"

"पेटी तं पाह्यजेच, नाना! पेटीबिगर भजन दिसन कसं?"

नानांनी कडी काढली आणि वरचा पंचम दाबला. सूर फाटका आला, माझ्यासमोर चार हातांवर. "हाई पट्टी चुकनी शे. मन्ही चूक शे." नारायण भाऊंनी ऐकलं, मान तिरकी केली, पुन्हा ऐकलं. "चांगलीच तं वाजते, नाना." त्यांनी मृदंगवाल्याला बोलावलं. तोही म्हणाला, चांगली आहे. तिसरा आला, म्हणाला, नानांची पेटी म्हटल्यावर बघायचंच नाही. प्रत्येकाला नाना तोच सूर ऐकवत होते, एकदा, दोनदा, आणि प्रत्येक जण प्रेमानं मान हलवत होता. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. नानांच्या चेहऱ्यावर मी जी भीती पाहिली ती गाडीतल्या भीतीहून वेगळी होती. गाडीत त्यांना वाटत होतं, आपल्याला पकडणारे कान तिथे बसलेत; इथे तसा कान एकही नव्हता.

"मी दुरुस्त करसू," ते म्हणाले.

"राहू द्या न, नाना. जेवून घ्या पह्यले."

नाना ऐकेनात. पेटी उचलून चालायला लागले. गावाबाहेर केळीच्या मळ्यात एक पाण्याच्या मोटारीची खोली होती, तिच्या सावलीत पेटी ठेवली. मी मागून गेले आणि विचारलं, "नाना, तिथे कोणाला कळत नाही, पेटी वाजतही नाही. आता कशासाठी?"

"म्हणून तं," ते म्हणाले. "कधी तरी कोनी कडी काढी. तवा सांगाले कोनी नही राहनार. पेटीच राही फक्त."

त्यांनी झाकण काढलं, सूर मोकळा केला, जिभेखाली पातं सरकवलं. मळ्यात वारा पडलेला होता, पान हलत नव्हतं. "सांगा, बाई," म्हणून त्यांनी पट्टी दाबली आणि माझ्याकडे पाहिलं.

मला काही कळेना. तासभर त्या स्पीकरसमोर बसून माझ्या कानांत एक बारीक झीं भरली होती. खालचे सूर येत होते, लांबून, कापसातून आल्यासारखे. वरचा पंचम आणि ती झीं एकमेकांत मिसळून गेली होती. मी कान चोळले, जांभई दिली, मान फिरवली. काही उपयोग नाही.

"वर का खाल्ती?"

फाटका होता तेव्हा चढलेला होता, इतकं मला ठाऊक होतं. "थोडा खाली घ्या," मी म्हटलं. त्यांनी मुळाशी दोन ओढी दिल्या. मी बोट हलवलं, अजून थोडा. त्यांनी अजून एक दिली. जिभेवरचं पितळ पुसलं, पट्टी दाबून धरली, आणि भाता सावकाश हलवत ते माझ्या डोळ्यांत बघत राहिले. मला सांगता आलं असतं. नाना, मला ऐकू येत नाही, उद्या सकाळपर्यंत थांबू. पण मग त्या माणसाच्या बाजूला एकही कान उरला नसता, आणि ते मी त्यांना सांगू शकले नाही.

"लागना का, बाई?"

"लागला, नाना."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी झाकण बसवलं, रुमालानं पेटी पुसली, दोन्ही हात जोडले. मग पेटी डोक्यावर घेऊन केळीच्या दोन रांगांमधून देवळाकडे चालायला लागले. पाठ ताठ, पाऊल हलकं, आणि एका हातानं वाटेतली पानं बाजूला करत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना निर्भय असं तेव्हाच पाहिलं. मांडवातून पुन्हा स्पीकर सुरू झाला तरी त्यांनी मान वळवली नाही.

मी मागे राहिले आणि बोटं कानांत घालून, काढून, पुन्हा घालून पाहत होते.